शाईतून सुटलेली घुगरी

चेहरा काढायला बसले की पहिली दहा मिनिटं मी काहीच काढत नसे. समोरच्या बाईला स्टुलावर बसवायचं, दार सताड उघडायचं आणि नुसतं बघत राहायचं. असं बघणं कोणालाच सोसत नाही. आधी ती फोटोवाल्यासमोर बसल्यासारखी ताठ होते. मग तिला नाकावर माशी बसल्याचा भास होतो. मग चुलीवर ठेवलेलं वरण आठवतं आणि ती कंटाळते. कंटाळली की तिचा खरा चेहरा वर येतो. तेवढ्यासाठी मी थांबत असे. थांबण्याचा एवढा एकच प्रकार मला आयुष्यात जमला, एरवी माझं डोकं कायम तापलेलं. शाळेतल्या मुली पाठीमागे मला मिरची म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

महाराष्ट्र राज्य होण्याच्या तीनेक वर्षं आधी मी महागावच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून रुजू झाले. नागपूरला शिकलेली, एकटी राहणारी, पंचविशीची बाई म्हणजे गावाला तमाशाच होता. पण लवकरच गावाच्या लक्षात आलं की माझा एक उपयोग आहे. पुरुषांना हौस आली तर ते पुसदला जाऊन फोटो काढून घेत. बायका परक्या माणसाच्या काळ्या कपड्यासमोर बसायला तयार नसत. माझ्यासमोर बसायला त्यांची हरकत नव्हती. पहिल्या वर्षी एका पाटलिणीचं चित्र काढलं, तिनं ते देवघराशेजारी लावलं, आणि मग रविवारी व बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर बायका येऊन बसू लागल्या. मला मोठं सुख लाभलं होतं. दिवसभर मुलींकडून फुलदाण्या काढून घ्यायच्या आणि सुट्टीला जिवंत माणसं.

शाई मी घरीच करायची. दुकानातली काळी शाई पाणचट, महिन्याभरात तपकिरी पडणारी. दिव्यावर पालथी वाटी धरून काजळी जमवायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती तास-दीड तास खलायची. हात, कोपरं, कधीकधी नाकाचा शेंडाही काळा. पेन्सिल मी वापरत नसे. पेन्सिलीला खोडता येतं, त्यामुळे माणूस भित्रा होतो असं माझं मत होतं, आणि माझी मतं त्या काळात फार पक्की होती. टाक बुडवायचा, डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तिथून गालाच्या हाडावर उतरायचं. ते हाड बरोबर बसलं की बाकीचा चेहरा आपोआप येतो. नागपूरचे आमचे सर म्हणत की अर्ध्या रेघेत भागत असेल तर पूर्ण रेघ ओढू नये. मी तेवढं एकच वाक्य उराशी धरून होते. दागिने, नक्षी, काठ-पदर यांचा मला तिटकारा होता. चेहरा सोडून बाकी सगळा पसारा, असं मी धरून चाले.

आणखी एक नियम होता. चित्र पुरं झाल्याशिवाय मी ते कोणालाही दाखवत नसे. ज्याला त्याला आपलं नाक मोठं वाटतं आणि मग वाद होतात.

राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, बाजारच्या दिवशी माझ्या दारात एक बैलगाडी थांबली. गाडीतून एका माणसानं चाळिशी ओलांडलेल्या एका बंजारा बाईला हाताला धरून उतरवलं. गावापासून दीड-दोन मैलांवर त्यांचा तांडा होता. तिथले लोक पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत, आता शेती करत. तो माणूस तिचा पुतण्या, शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून माझ्या तोंडओळखीचा होता. बाईला तांड्यात लहानथोर सगळे याडी म्हणत, याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले.

"मले तुह्या हातची तस्वीर पाह्यजे," ओट्यावर टेकता टेकता ती म्हणाली. "नागपूरले धाडाची हाय. पोरायचा बाप तिथं दवाखान्यात पडून हाय. छातीचं दुखणं. चार महिने झाले."

"मग तुम्हीच जाऊन भेटून या ना, याडी. चित्र कशाला?"

तिनं घागरा वीतभर वर केला. उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. कापसाची गाडी नाल्याच्या उतारावर असताना बैल उधळले, हिनं उडी मारली आणि हाड मोडलं. दोन महिने पाय टेकायचा नाही, असं हाडवैद्यानं बजावलं होतं.

"हे त्याले सांगतलं नाय," ती म्हणाली. "सांगतलं त दवाखाना सोडून येईन. एकडाव तापात पळून आल्ता, रक्त ओकला, मंग परत नेऊन टाकला. आता मी दर महिन्याले जात होती, ते बंद झालं. त्याच्या मनात काहीबाही येईन. म्हणून तस्वीर. आपली बायको खाऊनपिऊन बरी हाय, येवढं त्याले दिसलं पाह्यजे. पाय नोको काढू."

"खांद्यापर्यंतच काढते मी," मी म्हटलं.

तिचा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवला आणि मी बघायला लागले. काय चेहरा होता! रुंद कपाळ, त्यावर एक जुना वण, उन्हानं बारीक केलेले डोळे, आणि गालाची हाडं अशी की टाक शिवशिवायला लागला. फक्त ती हाडं नीट दिसेनात. दोन्ही कानांजवळ केसांत गुंफलेले चांदीचे दागिने होते, खाली घुंगरांचे गुच्छ, ते थेट गालांवर लोंबत. बाजारात तांड्याच्या बायका येत तेव्हा ही घुगरी मी शेकडो वेळा पाहिली होती. मान हलली की छुनछुन वाजायची.

"हे जरा काढून ठेवता का? गाल झाकला जातोय."

"हे नाय निघत," ती तुटकपणे म्हणाली.

वेणीत घट्ट बसलं असेल असं मी समजले. का निघत नाही, हे विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला घाई झाली होती, प्रकाश चांगला होता आणि मला गाल हवा होता. तिनं मान वळवली की घुंगरू बाजूला सरके, तेवढ्यात मी हाड टिपून घेई. दोन तास असं चाललं. उन्हं उतरायच्या आत गाडीला परतायचं होतं. पक्कं चित्र घरी करून मीच टपालात टाकीन असं मी सांगितलं. पुतण्यानं दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. जाताना याडीनं तुरीच्या शेंगांचा एक भारा ओट्यावर ठेवला.

दोन दिवस मी त्या कच्च्या रेघांवरून पक्कं चित्र केलं. ओढणी एका सलग रेघेत डोक्यावरून खांद्यावर उतरवली. घुगरी काढलीच नाही. त्या जागी कोरा कागद ठेवला, आणि त्या कोऱ्या जागेतून ते गालाचं हाड असं उठून आलं की मी खुर्चीवरून उठून दोनदा लांब जाऊन पाहिलं. आजही मी त्या चित्राला वाईट म्हणणार नाही. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून ते नागपूरला धाडलं आणि शेंगा उकडून खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी पुतण्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. सुट्टी होईपर्यंत तो तसाच उन्हात थांबला, तेव्हाच मला काहीतरी बिघडल्याची शंका आली.

"बाई, मी नागपूरले गेलतो," तो म्हणाला. "काका जेवत नाय. ताट परत धाडते. सुई घेत नाय. भिंतीकडे तोंड करून पडते. तुमची तस्वीर उशाखाली ठेवली हाय, कोणाले पाहू देत नाय."

"का? आवडली नाही?"

मग त्यानं वर्गातल्या मंद पोराला सांगावं तसं मला समजावून सांगितलं. त्यांच्यात लग्न झालेली बाई घुगरी घालते. नवरा गेला की ती उतरवतात. त्याआधी ती बाई कशासाठीही, कोणासाठीही उतरवत नाही.

"काका म्हणे, तुह्या काकीनं घुगरी उतरवली. घरच्यायच्या लेखी मी मेलो. आता दवा कायले पाह्यजे?"

चूक माझीच, हे कळलं. तरी माझा स्वभाव जाईना. "अहो, मग सांगायचं त्यांना, चित्र काढणारीनं सोडलं म्हणून!"

"सांगतलं ना जी. म्हणे, येवढी हुबेहूब काढली, कपाळावरचा वण बी सोडला नाय, आन् घुगरीच कशी सुटन? म्हणे, तुम्ही सारे मले समजावून राह्यले. तसं नसन, त मंग ती काहून नाय आली?" त्यानं आवाज खाली आणला. "पायाचं मले सांगता येत नाय. काकीनं पोराची शपथ घातली हाय."

ते हुबेहूब म्हणजे माझी कमाई होती. चित्र जरा कमी साधलं असतं तर त्या माणसानं ते हसून बाजूला टाकलं असतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पुतण्याच्या सायकलच्या मागे बसून तांड्यावर गेले. गावात त्याची आठवडाभर चर्चा झाली.

याडी अंगणात बाजेवर बसून सरकी निवडत होती. ती ओरडेल, चार शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

"त्याच्या जितेपणी तू मले रांडमुंड करून धाडलं," ती हळू म्हणाली. "मले इचारलं असतं त सांगतलं असतं."

मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. अर्ध्या रेघेत भागतं वगैरे सगळं माझ्या घशातच राहिलं. चार वर्षं मी या लोकांचे चेहरे बघत होते आणि एकदाही, एकाही बाईला, हे काय घातलंय आणि का, असं विचारलं नव्हतं. बघण्याचाच मला गर्व होता आणि मी तेच केलं नव्हतं. मी तिची माफी मागितली. अशी सरळ माफी मी त्याआधी कोणाची मागितली असेल असं मला आठवत नाही.

"पायाचं सांगून टाकू या त्यांना," मी म्हटलं. "नाहीतर त्यांना कसं पटायचं?"

"नाय. पळून आला त वाटेतच मरन. तू दुसरी काढ. शाईत नोको. रंगात काढ. लाल ते लाल दिसलं पाह्यजे, चांदी ते चांदी."

तेव्हा उशीर करण्यात अर्थ नव्हता. मी शाळेतून चार दिवसांची रजा काढली, कारण प्रकृतीचं दिलं. कोणाच्या प्रकृतीचं ते लिहिलं नाही. घरी सरस आणि खडूचा थर देऊन तयार केलेली एक फळी होती, ती घेतली. रंगांच्या नळ्या नागपूरहून आणलेल्या, जपून वापरायच्या. तेल मात्र इथलंच. गावच्या तेलघाणीवरचं जवसाचं तेल बाटलीत भरून मी कौलांवर उन्हात ठेवत असे, दोन-तीन महिन्यांत ते स्वच्छ पिवळं होई. सगळं पुतण्याच्या सायकलला बांधून रोज सकाळी तांड्यावर.

माझा न दाखवण्याचा नियम पहिल्याच दिवशी मोडीत निघाला. मोडला मीच. अंगणात फळी उभी केली, आणि तांड्यातल्या कामावर न गेलेल्या सगळ्या बायका पाठीमागे येऊन बसल्या. आधी गेरूसारख्या तांबड्या मातकट रंगात नुसता सांगाडा टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, ही तर शेजारच्या तांड्यातली कोणी दिसते. कपाळावर उजेड चढवला तर म्हणाल्या, आजारी केली. नाक सगळ्यांनाच मोठं वाटलं. याडीलाही वाटलं. मी नाक बारीक केलं, मग त्यांनीच ते लहान झालं म्हणून परत वाढवायला लावलं. एरवी मी ब्रश फेकून घरी गेले असते. पण मला मजा वाटायला लागली होती. एखादं चित्र इतक्या जणींनी मिळून काढलं तर त्याला माझं म्हणायचं की नाही, असा विचार येई आणि त्याचं काही वाईटही वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी ओढणी आणि हातांवरचा चुडा. कोपराच्या वर चढत गेलेल्या पांढऱ्या बांगड्या, त्याही नवऱ्याच्याच नावाच्या. या वेळी मी आधी विचारलं, मग काढलं. तिसरा आणि चौथा दिवस घुगरीला. चांदीसाठी चंदेरी रंग वापरला तर ती पत्र्यासारखी दिसते. चांदीला स्वतःचा रंगच नाही. जवळ जे असेल ते ती घेते. एका घुंगरात ओढणीचं लाल, दुसऱ्यात आभाळ, आतल्या बाजूला तिच्याच गालाचा तांबूस. करडा रंग अंगठ्याएवढा खाली घातला आणि वर एकेक ठिपका ठेवत गेले. एक म्हातारी काठी टेकत जवळ आली, तिनं याडीच्या कानाजवळचे घुंगरू मोजले, मग फळीवरचे मोजले, आणि एक कमी आहे म्हणून सांगितलं. खरंच कमी होता. तो घातल्यावर ती जागेवर जाऊन बसली.

या चार दिवसांत गाल बराचसा झाकला गेला, आणि माझी काही तक्रार नव्हती. झाकलेला गालच तिचा होता.

तेलरंग वाळायला पंधरा दिवस तरी लागतात. आमच्याकडे पंधरा दिवस नव्हते. तांड्यातल्या सुतारानं पेटी करून दिली, आत चार खिळे असे ठोकले की झाकण ओल्या रंगाला लागू नये. ती मांडीवर घेऊन मी आणि पुतण्या पहाटेच्या बसनं यवतमाळला निघालो.

"पेटीत कोंबडी हाय का, बाई?" कंडक्टरनं विचारलं. "असन त तिकीट लागन."

"बाई आहे," मी म्हटलं. त्यानं तिकिटाचा आग्रह धरला नाही, फक्त उरलेल्या वाटेत तो आमच्या बाकाजवळ फिरकला नाही.

यवतमाळहून दुसरी बस धरून नागपूरला पोहोचलो, पुतण्याच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी दवाखान्यात गेलो. छातीच्या रोग्यांना मोकळ्या हवेसाठी लांब व्हरांड्यात ठेवलेलं होतं. याडीचा नवरा शेवटून तिसऱ्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून होता. पुतण्यानं हाक मारली तरी तो वळला नाही. मी झाकण काढलं, फळी स्टुलावर ठेवली आणि ते स्टूल भिंत आणि खाट यांच्यामध्ये सरकवलं. भिंतीकडेच बघायचं तर बघ, असं मनात म्हटलं.

बराच वेळ तो पडल्या पडल्या बघत होता. मग त्यानं हात काढला आणि घुगरीकडे नेला, पण बोट ओढणीवर टेकलं. लाल रंग बोटाला आला. त्यानं तो नाकाशी नेला.

"जवसाचं तेल हाय," तो म्हणाला. पुतण्या म्हणे, दहा दिवसांत त्यानं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"हो. आमच्याकडच्याच तेलघाणीचं," मी म्हटलं. "आणि पहिलं चित्र मी चुकवलं होतं. त्यांच्या अंगावर घुगरी होती. मीच काढली नाही. मला माहीत नव्हतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग परत चित्राकडे. "हे किती दिवस काढत होत्या?"

"चार दिवस."

"अन् ही चार दिवस बसली? वेचनीत?" तो कोपरावर उठला. "ही बसत नाय. पोर झालं तई बी दुसऱ्या दिवशी उठून वावरात गेलती. पायाले काय झालं तिच्या?"

पुतण्यानं मान खाली घातली. शपथ त्याला होती, मला नव्हती. मला याडीची भीती वाटली, पण त्या माणसाला पुन्हा एकदा अर्धवट चित्र देण्याची माझी छाती नव्हती. मी नाला, उतार, उधळलेले बैल, कामट्या, सगळं सांगितलं. दोन महिने पाय टेकायचा नाही, म्हणून ती आली नाही, एवढंच कारण.

मग तो जो सुरू झाला! उतारावर उडी कायले मारली, बैल उधळले त कासरा सोडाचा नसते, हे हजार डाव सांगतलं, डाव्या बैलाची खोड तिले माहीत हाय, तरी तोच जुंपला असन. आवाज ऐकून परिचारिका धावत आली. तिनं प्रसंग ओळखला, एका हातानं त्याची बाही वर केली आणि तो बोलत असतानाच सुई टोचून टाकली. त्याला ते कळलंही नाही, त्याचं डाव्या बैलाबद्दल चाललं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं.

"आता पळून जाऊ नका," मी म्हटलं. "नाहीतर तुम्हाला सांगितलं म्हणून त्या मला सोडणार नाहीत."

"पळाले बळ कुठं हाय," तो म्हणाला. मग, "मास्तरीनबाई, माही बी काढा. तिले न्या."

टाक आणि शाईची दौत माझ्या पिशवीत कायम असे. पुतण्यानं उशा लावून त्याला बसता केलं, पटका मागितला तो बांधून दिला. मी माझी दहा मिनिटं बघत राहिले. व्हरांड्यात उत्तरेचा चांगला प्रकाश होता. आजारानं त्या चेहऱ्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं. गालांच्या जागी नुसते खड्डे, हाडं तर याडीच्या दुप्पट उघडी. एखाद्या महिन्यापूर्वी मला असा चेहरा मिळाला असता तर मी हरखून गेले असते. डोळ्याचा कोपरा टाकला, हाडावर उतरणार, तेवढ्यात तो म्हणाला:

"गाल जरा भरून काढजा, बाई. ती भेईन."

माझा हात थांबला. आता जे दिसतं तेच काढायचं, एक घुंगरूही सोडायचा नाही, अशी मी मनाशी गाठ बांधली होती. हा माणूस मला नसलेलं काढायला सांगत होता. पण विचारायचं मी शिकले होते, म्हणून विचारलं.

"किती भरू?"

त्यानं तोंडात हवा घेऊन गाल फुगवून दाखवले. आजूबाजूच्या खाटांवरचे हसले, तोही हसला, मग खोकला आला. तो थांबल्यावर मी गाल काढले, त्यानं दाखवले तेवढे नाही, पण भरलेले. बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, गळ्याच्या शिरा, खांद्यावर लोंबणारा दवाखान्याचा सदरा, मनगटाची हाडं. शाई वाळेपर्यंत तो चित्राकडे बघत बसला. आम्ही निघालो तेव्हा त्यानं पेज मागवली होती.

परत आल्यावर मी थेट तांड्यावर गेले. पायाचं सांगितल्याची कबुली आधीच देऊन टाकली. याडीनं मला एक शिवी दिली, ती मी घेतली. मग तिनं हात पुढे केला आणि चित्र मागितलं.

तिनं कागद लांब धरला, मग जवळ आणला, मग उजेडाकडे तिरपा केला. सदऱ्यावरून, मनगटांवरून तिची नजर हळूहळू वर गेली आणि गालांपाशी थांबली.

"गाल खोटे हाय," ती म्हणाली.

पुन्हा तेच झालं, पुन्हा मी काहीतरी चुकवलं, असं वाटून मी खाली बघत राहिले.

"त्यानंच सांगतलं ना तुले, असे काढ म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही घाबराल म्हणाले."

याडी कागदाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"माह्यासमोर चांगलं दिसाची हौस हाय ना अजून त्याले?" ती म्हणाली. "मंग बरा होऊन येते तो."